टिंगल नक्की कुणाची?

'यांगबानजॉन' ही कोरियन कथा म्हणजे नवश्रीमंताची टिंगल, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच सरकतं. अहो, नीट वाचा तरी!

सरकारी धान्याची हजार मापं थकवलेला एक विद्वान यांगबान, म्हणजे तिथला उमराव. गावातला श्रीमंत ते कर्ज फेडून त्याचा दर्जा विकत घेतो. पहिल्या सनदेत नुसतं सोवळं: पैशाला शिवू नका, उकडलं तरी मोजे काढू नका. गडी म्हणतो, काही फायद्याचं लिहा की! मग दुसरी सनद: शेजाऱ्याचा बैल आधी आपल्या शेतात जुंपा. मला चोर करताय का, म्हणत तो पळतोच.

लेखक पाक जी-वन (१७३७-१८०५) स्वतः यांगबान. लिहिलंय अभिजात चिनीत, जी शेतकऱ्याला वाचताच येत नव्हती. म्हणजे बोलणी कुणाला बसली?