काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर: विरघळणारा स्पंज कशासाठी?

एरवी जखम लवकर भरली की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र जखम फार घट्ट भरून येणे हीच अडचण ठरते.

असे का होते?
डोळ्यात सतत पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बारीक वाटांनी बाहेर पडतो. ही वाट अडली की बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस खराब होत जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. थेंबांनी दाब आटोक्यात आला नाही, तर डॉक्टर ट्रॅबेक्युलेक्टोमी सुचवतात. यात वरच्या पापणीखाली द्रवासाठी नवी वाट केली जाते. पण शरीराला ती जखमच वाटते! तिथे व्रणाची जाड ऊती तयार झाली की वाट बुजते आणि दाब पुन्हा चढतो.

जुना उपाय, नवा उपाय
व्रण रोखण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन-सी हे औषध काही मिनिटे लावतात. ते मूळचे कर्करोगावरचे. त्याने व्रण कमी होतो, पण वरचा पडदा पातळ होऊन गळती किंवा पुढे जंतुसंसर्ग होण्याची भीती राहते.

दुसरा पर्याय ऑलोजेनचा. कोलॅजनचा हा छोटा सच्छिद्र तुकडा नव्या वाटेवर ठेवतात. त्याच्या छिद्रांत पेशी विखरून वाढतात, त्यामुळे घट्ट व्रण धरण्याची शक्यता कमी होते. साधारण तीन ते सहा महिन्यांत तो आपोआप विरघळतो.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यश साधारण सारखेच दिसले. म्हणजे हा चमत्कार नव्हे, एक पर्याय आहे.

डॉक्टरांना हे विचारा
- माझ्या डोळ्यासाठी कोणता उपाय योग्य, आणि का?
- खर्च किती वाढेल?
- ऑलोजेनमधले कोलॅजन डुकरापासून मिळवलेले असते. घरात कुणाला त्यावर आक्षेप असेल, तर आधीच बोला.

घरच्यांसाठी
म्हैसूर असो वा मिरज, शस्त्रक्रियेनंतरची काळजी तीच. डोळा चोळू देऊ नका, थेंब चुकवू नका, तपासणी टाळू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट स्राव आला किंवा अंधुक दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत.

आणि हो, आई-बाबांना काचबिंदू असेल तर तुम्ही आणि तुमची भावंडंही डोळे तपासून घ्या.