तिला विचारा, बाळंतपण कुठे करायचं



घरात कुणाला दिवस गेले की लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, डोहाळजेवणाची तारीख, सगळं आपण हौसेनं पाहतो. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी पाठवायचं, हेही ठरलेलंच. आमची विनंती तिथूनच सुरू होते. पाठवण्याआधी तिला एकदा विचारा, तुला तिथे जायचंय का? जी लहानपणी घरात मार खात वाढली, उपाशी झोपली, जिच्यावर नात्यातल्याच कुणी हात टाकला, तिला माहेरी विसावा मिळत नाही. आणि हे ती आपणहून सांगत नाही.

तिच्या शरीरात मात्र ते मुरलेलं असतं. सतत भीतीत वाढलेल्या मुलांमध्ये धोक्याला तोंड देणारी यंत्रणा बदलते. कुणाची जरा खुट्ट झालं की उसळते, कुणाची थिजते. त्यातलं मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल. गरोदरपणात ते सगळ्याच बायकांमध्ये वाढतं, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतंही. त्यातलं बरंचसं वार निकामी करते आणि बाळाला जपते. पण वार स्वतःही सीआरएच नावाचं संप्रेरक बनवते. कॉर्टिसॉल चढलं की मेंदूतलं सीआरएच उतरतं, वारेतलं उलट वाढतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बालपणी छळ सोसलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणाच्या अखेरीस वारेतलं सीआरएच जास्त आढळलं. ते फार लवकर वाढण्याचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंध दिसतो. ही सरासरी झाली. त्यावरून कुठल्या एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही, आणि आईला दोष तर कुणीच देऊ नये.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून शहराजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि मुलांचा मागोवा घेतला. आईच्या खाण्यापिण्याचा परिणाम मुलांवर वर्षानुवर्षं राहतो, हे त्यातून आपल्याला पटलं. तिच्या मनावरच्या ओझ्याची तेवढीच काळजी आता घ्यायला हवी.

याच शहरात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. लहानपणी लग्न, पाठोपाठ वैधव्य आणि मग फसवणूक, अशा गरोदर मुलींना त्यांनी जाब न विचारता आसरा दिला. बालविवाह अजून संपलेले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या कितीतरी जणी आज आपल्या वस्तीत, बांधकामांवर, आपल्याच घरी धुण्याभांड्याला आहेत.

डॉक्टर आणि परिचारिकांना विनंती : तपासणीच्या वेळी सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसवा. शेजारी बसलेली सासू किंवा नवरा तिच्याआधी उत्तर देतो आणि ती पदराचं टोक पिळत बसते, हे तुम्ही रोज पाहता. घरच्यांनो, निदान हे महिने तिच्यावर आवाज चढवू नका; मारहाण तर कधीच नको. कामाला ठेवणाऱ्यांनो, तिला भरपगारी रजा द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, सोबत कुणी नसेल तर तुम्ही जा.

मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो. शेजारच्या घरात एखादं लेकरू मार खात असेल तर १०९८ वर कळवा. आणि एखादी तुमच्याजवळ मन मोकळं करू लागली तर मध्ये बोलू नका, "झालं गेलं विसर" म्हणू नका, आणि तिच्या परवानगीशिवाय ते कुणालाही सांगू नका.