व्यायामाची मात्रा कोण लिहिणार?

पोट सुटलेला, रक्तदाब वाढलेला, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेला रुग्ण समोर बसला की आपली लेखणी सवयीने चालते. मेदोहर गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी, अर्जुनारिष्ट. प्रत्येकाची मात्रा, काल, अनुपान काटेकोर. शेवटी पुसट अक्षरांत ‘व्यायाम करावा’. किती, केव्हा, कसा, हे रुग्णाने ठरवायचे! नुसते ‘गुग्गुळ घ्यावा’ असे लिहून कोणताही वैद्य थांबत नाही. मग येथेच ही ढिलाई का?

मात्रेचा विचार संहिताकारांनी केलेला आहे. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास शंभर योजने पायी चालण्यास सांगितले, इतरांस शेत कसण्यास अथवा विहीर खणण्यास. अर्धशक्तीचे लक्षणही त्यांनीच दिले: तोंडावाटे श्वास सुरू झाला की थांबावे. वाग्भटाचार्यांनी ही मर्यादा शीत व वसंत ऋतूंपुरती ठेवून इतर ऋतूंत ती आणखी कमी केली. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, ही आजची कसोटी याहून फार दूर नाही.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या, चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊनही अधिक लाभ झाला नाही. रुग्ण आपलेच, भारतीय होते, हे विशेष. कार्यरत स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या साहाय्याविनाही उचलतात. मात्र व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरू लागतो. म्हणून सलग दोन दिवस खंड नको, हेही चिकित्सापत्रात यावे. प्रारंभी दहा मिनिटांचे तीन भाग, पुढे सलग तीस मिनिटे जलद चालणे, आठवड्यातून पाच दिवस, इतके तरी लिहावे. श्रमाने छातीत दडपण येत असेल तर आधी हृदयतज्ज्ञांकडे पाठवावे. इन्सुलिन घेणाऱ्यास साखर एकाएकी उतरण्याची कल्पना द्यावी.

फार्मसीचालक बंधूंना एक स्पष्ट विनंती. ‘पथ्य नको, व्यायाम नको’ अशी ग्वाही देऊन मेदोहर योग विकणे शास्त्राला धरून नाही. स्थौल्य, मधुमेह व हृद्रोग बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे. विक्री घटेल ही भीती मला अनाठायी वाटते. गुण आलेला रुग्णच दुकानात पुन्हा येतो. वैद्यांना भेट म्हणून आपण जी चिकित्सापत्रे छापून देता, त्यांवर औषधांच्या रकान्याखाली व्यायामाची मात्रा, काल व निषेध यांसाठी तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात. छपाईचा खर्च तेवढाच येईल.