पेन्शन गेली, शिट्टी आली

दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. रात्रभर टेम्पोत उभं राहून जातो, निळे झेंडे घेऊन जातो, स्तंभावरची ‘नाक’ लागलेली नावं पोराबाळांना बोटानं दाखवतो. १८१८ साली मेलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. पण त्याच पलटणीतले जे जगले, वर्दी उतरवून गावी आले, त्यांनी पुढं काय खाल्लं, कुठं राहिले, हे विचारायला आपल्याला फुरसत नाही. मेलेला शिपाई भाषणाला बरा पडतो. जिवंत शिपाई चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो आणि कामधंदा मागतो. मला या जिवंत शिपायाबद्दल बोलायचं आहे.

आपल्यातले काही दोस्त नाक मुरडतील, ठाऊक आहे. म्हणतील, परिवर्तनाच्या मासिकात फौजेचं कौतुक कशाला? कौतुक नाही लेको. बंदूक कुणाच्या हुकमानं चालते आणि कुणावर चालते हे मला सांगू नका. पण आपल्या वस्तीतलं पोरगं पहाटे चारला भरतीच्या रांगेत उभं राहतं ते देशभक्तीचं गाणं ऐकून नाही. तिथं छाती मोजतात, सोळाशे मीटर पळवतात आणि पळताना आडनाव पायात येत नाही, म्हणून ते उभं राहतं. पोट जिथं पगार दिसेल तिकडं जातं. ज्याच्या घरात दोन पिढ्यांचं दुकान आहे त्यानं यावर नैतिक लेक्चर झोडू नये.

आता थोडं मागं जाऊ, कारण आपल्या चळवळीची मुळं नुसती पुस्तकात नाहीत, ती पेन्शनीत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दापोलीला लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. महार, चांभार शिपाई मुंबई इलाख्याच्या फौजेतून सुटले की तिथं येऊन राहायचे. फौजेनं त्यांना बूट दिले, पगार दिला आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अक्षरं दिली. सुभेदार रामजी सकपाळ महूला लष्करी शाळेत हेडमास्तर होते. गावात ज्याची सावली विटाळ करायची तो छावणीत धडे देत होता. तिथंच, १४ एप्रिल १८९१ ला, त्यांच्या घरी चौदावं मूल जन्माला आलं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले १८८६ साली. आजच्या भाषेत विचारायचं तर, या माणसानं वर्दी उतरवल्यावर कोणता ‘सेकंड करिअर’ केला? ‘दीनबंधु’त लेख लिहिले. अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली. सरकारनं १८९२ च्या सुमाराला अस्पृश्यांची भरती बंद केली तेव्हा १८९४ साली सरसेनापतीला लिहायचा विनंतीअर्ज तयार केला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा शेजारी बसायला नको म्हणून सवर्ण सभासदांची धांदल उडाली. एक निवृत्त हवालदार खुर्चीवर बसला आणि तालुका हादरला. असा धंदा काढला त्यांनी.

हे जमलं कशामुळं? हुशारीमुळं, हिंमतीमुळं, जोतीरावांच्या विचारामुळं, सगळं खरं. पण त्याखाली एक साधा हिशेब आहे आणि तो आपले विचारवंत लिहीत नाहीत, कारण त्यांच्या घरी पहिल्या तारखेची काळजी नसते. पेन्शनीचा पैसा पाटलाच्या हातून येत नव्हता. गावातला महार वतनाला बांधलेला. येसकरकी करा, मेलेलं ढोर ओढा, तराळकी करा, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागा. भाकरी देणारा हात आखडला की संध्याकाळी चूल थंड. अशा माणसाला अर्जावर सही कर म्हणायचं तर तो कुठनं करणार? पेन्शनरचा पैसा सरकारी खजिन्यातून थेट यायचा, महिन्याच्या महिन्याला, मरेपर्यंत. गावानं वाळीत टाकलं तरी यायचा. त्या पैशावर माणूस ताठ उभा राहिला, पोरगं शाळेत बसलं, अर्जाचा कागद विकत आला.

म्हणूनच भरती बंद होणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढाऊ जाती’ नावाचं थोतांड आलं आणि कालपर्यंत लढणारे एका कागदानं न-लढाऊ ठरले. एक पिढी गेली, जुने पेन्शनर मेले, नवे झाले नाहीत. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ ला १११वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्यानं या समाजाची कशी पडझड झाली ते सांगितलं. मग ते पाण्याकडं वळले. चवदार तळ्याच्या आधी पगाराचा विषय निघाला, हे लक्षात ठेवा. त्या बंद दारावरून मागं फिरलेली कोकणातली माणसं मुंबईला आली. गिरणीत आली तर विणखात्यात घेईनात, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या थुंकीचा विटाळ. मग रेल्वे, मग साफसफाई, मग आमची गोदी. मी ज्या धक्क्यावर माल ओढतो तिथं पाठीवर गोणी घेतलेली किती माणसं खरं तर खांद्यावर बंदूक घेऊ शकली असती, याचा हिशेब कुठल्या रजिस्टरात नाही.

१९४१ साली बाबासाहेबांच्या रेट्यानंतर बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आजही आहे, केंद्र मध्य प्रदेशात सागरला. तिथनं दोन सरसेनापती झाले, कृष्ण राव आणि सुंदरजी. अभिमान आहे. पण सरसेनापतीची निवृत्ती आणि नाईकाची निवृत्ती यात बंदर आणि खाडी इतका फरक.

आमच्या यार्डाच्या गेटवर एक काका आहेत. महार रेजिमेंटमधून सतरा वर्षांनी सुटले. पेन्शनचा काही भाग विकून, फंडाचे पैसे घालून खेड तालुक्यात आपल्या गावी पिठाची गिरणी टाकली. मोटर नवी, पट्टा नवा, दगडांना टाकी लावायला स्वतः शिकले. दोन महिने बौद्धवाडीचं दळण आलं. वरच्या आळीच्या बाया डोक्यावर डबा घेऊन पुढच्या गावाला चालत जायच्या. भांडण नाही, तंटा नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त दळण आलं नाही. पोलिसात काय लिहून द्यायचं? शेवटी गिरणी विकली. घेणारा वरच्या आळीतला. महिन्याभरात तिथं रांग. मोटर तीच, पट्टा तोच, दगड तेच.

मी विचारलं, ‘काका, फौजेत तरी बरं होतं का हो?’

म्हणाले, ‘तिथं शिवी होती बाळा. पण सगळ्यांना सारखी होती.’

आता बारा तासांची पाळी करतात. गेट उघडणं, ट्रेलरचा नंबर लिहिणं, शिट्टी मारणं. आठवड्याची सुट्टी घेतली की खाडा. पेन्शन येते म्हणून जगतात. एजन्सीचा मालकही फौजेतलाच, पण अधिकारी. काका त्याला अजून सलाम ठोकतात, आणि तो पगारातनं कमिशन कापतो.

ही काही एका गेटची गोष्ट नाही. सैनिकांच्या पुनर्वसनासाठी दिल्लीत संरक्षण खात्याचं एक अख्खं महासंचालनालय आहे. तिथं अधिकाऱ्याला मोठमोठ्या व्यवस्थापन संस्थांमध्ये सहा-सहा महिन्यांचे कोर्स आहेत. सुरक्षा एजन्सी काढायची वाट अधिकाऱ्याला आहे. जवानाला त्या एजन्सीचा दंडुका आहे. छावणीत जी उतरंड होती तीच बाहेर कंपनी होऊन उभी राहते. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना क वर्गात १० टक्के, ड वर्गात २० टक्के राखीव आहेत. कागदावर झकास. पण ड वर्गाची कामं ठेकेदाराकडं गेली, मग २० टक्के कशाचे काढणार? झाडूचे? शिवाय ही आरक्षणं आडवी. आपला माजी सैनिक निवडला गेला की तो आपल्याच अनुसूचित जातीच्या जागेत मोजला जातो. म्हणजे सीमेवर देशाचा आणि यादीत परत आपल्या जातीचा.

एक कायदा मात्र आपल्या राज्यात आहे आणि त्याबद्दल गेटवरच्या दहा माणसांना विचारा, नऊ जणांना ठाऊक नसेल. १९६९ चा माथाडी कायदा आम्हा ओझेवाल्यांना माहीत आहे. त्याच धर्तीवर १९८१ साली महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. मंडळ नेमलं. मंडळाच्या रक्षकाला फंड, ग्रॅच्युइटी, पगारी रजा. पण त्यातच सुटीचं एक कलम घातलं, आणि त्या भोकातून एजन्स्यांचे ट्रक आत घुसले. वर्दीवर ‘सिक्युरिटी’ लिहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याला सिक्युरिटी नाही. हे भोक बुजवायची मागणी माथाडी आणि रक्षक यांनी एकत्र करायला पाहिजे. आम्ही ओझी उचलतो, ते गेट सांभाळतात, मुकादम दोघांना एकच.

आणि आता अग्निपथ. १४ जून २०२२ ला जाहीर झाला. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षं नोकरी, जास्तीत जास्त २५ टक्के पुढं ठेवणार, बाकीची घरी. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिक म्हणून दर्जा नाही, म्हणजे दवाखाना नाही, कँटीन नाही. शेवटी एकरकमी ११ लाख ७१ हजार हातावर ठेवणार, त्याला नाव दिलं सेवा निधी. काय नावं काढतात साले! त्यातले ५ लाख २ हजार त्या पोराच्याच पगारातनं कापलेले. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, हातात २१,०००. तेवढेच सरकार घालतं, वर व्याज. ती सगळी रक्कम बँकेत ठेवली आणि सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला ६,८०० च्या आसपास पडतात. केंद्राच्या नोकराची किमान पेन्शन ९,०००, त्यावर महागाई भत्ता. ६,८०० वर महागाई भत्ता नाही. आणि मूळ रक्कम बँकेत राहील कशाला? बहिणीचं लग्न आहे, बापाचं ऑपरेशन आहे, घरावर पत्रे नाहीत.

मग सांगतात, पोरांनी धंदा काढावा, नोकरी मागणारे नको, देणारे व्हा. बँका कर्ज देतील. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गोदीच्या भोंग्यासारखं कानात बसलंय. २०१६ साली ‘स्टँड अप इंडिया’ काढली, दलित-आदिवासींना आणि बायांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज. कोणी घेतलं असेल, उभंही राहिलं असेल, त्याला जय भीम. मी धंद्याच्या विरोधात नाही. बनियाच्या गल्ल्यावर आपला माणूस बसलेला मला बघायचाय. पण धंदा म्हणजे भांडवल आणि गिऱ्हाईक. भांडवलाची अर्धी बात सरकार करतं. गिऱ्हाईकाची बात कोणीच करत नाही. काकांच्या गिरणीला कर्ज कमी पडलं नव्हतं. आपले लोक खानावळीवर कुठल्यातरी देवाचं नाव लावतात ते काय भक्तीनं? आडनाव लावलं की टेबल रिकामी राहतात म्हणून. काकांकडं पेन्शन होती म्हणून गिरणी बुडाली, माणूस बुडाला नाही. चार वर्षांच्या पोराची गिरणी बुडाली की त्याच्याखाली काही नाही. पंचविशीच्या आत, हातात बंदुकीचं ट्रेनिंग, खिसा रिकामा. अशा पोराला घ्यायला कोण टपलंय ते तुम्ही गल्लीत बघा. बिल्डरचा बाउन्सर, वसुलीवाला, धर्माच्या नावानं लाठी फिरवणारी सेना. दापोलीच्या पेन्शनरनं पाटलाला नाही म्हटलं होतं. नाही म्हणायची ताकद त्याला ज्या पैशानं दिली, तोच यांनी काढून घेतला.

मी भरतीला जाऊ नका असं सांगत नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला मी कोण सांगणार? जा. पण हिशेब वाचून जा. तिथं शाळेची परीक्षा, ड्रायव्हिंग, मेकॅनिकचं काम, जे शिकता येईल ते शिका आणि त्याचा कागद हातात घेऊनच बाहेर पडा. आणि पेन्शनीची मागणी सोडू नका. फौज पेन्शन देत होती म्हणून गोपाळबाबा झाले, ही गोष्ट दिल्लीला कळली असेल-नसेल, आपल्याला कळली पाहिजे.

पहिल्या तुकडीची पोरं २०२२ च्या शेवटी, २०२३ च्या सुरुवातीला आत गेली. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. एजन्सीचा मुकादम त्यांच्या घरी पोचायच्या आत आपण पोचायचं. ज्याच्या वस्तीतलं पोरगं या तुकडीत आहे त्यानं मासिकाला पत्र टाकावं, नाव, गाव, सुटायचा महिना. गेटवर काम करणाऱ्या माजी सैनिकांनी पगाराची पावती आणावी, मिळत असेल तर. नसेल मिळत तर तेच लिहून घेऊ. पुरेसे कागद जमले की रक्षक मंडळाच्या कचेरीवर जायचं आहे, आणि माथाडी दोस्तांनी पाळी सोडून यायचं आहे. काका म्हणालेत, खाडा पडला तरी येतो.