सायकलला वाट द्या ना, भाऊ!

गेल्या महिन्यात मी सायकल घेतली. मॅट ब्लॅक, २१ गिअर, वर मॅचिंग हेल्मेट! ऑफिसात दोन दिवस चर्चा. प्लॅन एकदम सॉलिड होता बॉस : बेसा ते उज्ज्वल नगर स्टेशन सायकलने, तिथून मेट्रोने खापरी, पुढे मिहान. पेट्रोल बंद, पोट आत!

सध्या ती सायकल बाल्कनीत आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात.

झालं असं, की चौथ्या दिवशी संध्याकाळी कडेला उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक उघडलं आणि मी थेट नालीच्या काठावर. टोंगळा फुटला, आणि इगो त्याहून जास्त. बाबा हसले. त्यांनी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतली सगळी नोकरी सायकलवर केली. म्हणाले, "आमच्या वेळी रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या रे. गाडीवाला आमच्या मागे थांबायचा."

मग मी जरा गृहपाठ केला. आपलं नागपूर या बाबतीत मागे नाही बरं का! लॉकडाऊननंतर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'सायकल्स फॉर चेंज' ही शहरांची स्पर्धा काढली. शंभराहून जास्त शहरं उतरली. शेवटी निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होतं आणि बक्षीस होतं प्रत्येकी १ कोटी. मस्तच! आता दुसरा आकडा ऐका. २०१४ मध्ये मंजूर झालेल्या आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा होता ८,६८० कोटींचा. मेट्रो हवीच, मी रोज त्यातच बसतो. पण घरापासून स्टेशनपर्यंत माणसाने जायचं कसं, हा खर्च नेमका कोणाच्या वहीत लिहायचा?

इथेच खरी गोची आहे. शहर संपलं की महापालिकेची हद्द संपते आणि २०१७ पासून तिथे एनएमआरडीए. मधले रस्ते कुठे नासुप्रचे, कुठे बांधकाम खात्याचे. गाडीला हद्द कळत नाही, ती सुसाट जाते. फुटपाथ मात्र हद्दीवर बरोब्बर थांबतो!

पुण्याचं उदाहरण घ्या. तिथे जेएनएनयूआरएमच्या पैशांतून सायकल ट्रॅक झाले. नंतर त्यावर पार्किंग आलं, विजेचे खांब आले, मध्येच ट्रॅक गायब. २०१७ मध्ये पुन्हा ८२४ किलोमीटरचा नवा आराखडा मंजूर करावा लागला. धडा सोपा आहे. बांधायला पैसा मिळतो, फीत कापायला पाहुणेही मिळतात. झाडझूड, दुरुस्ती आणि पार्किंग हटवणं यासाठी दरवर्षी बजेटमध्ये एक ओळ लागते, आणि ती ओळ कोणी लिहीत नाही.

खरं तर उपनगरात हे काम स्वस्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. सायकलला साधारण २ मीटर धरा. नवा लेआउट पडतो तेव्हाच एवढी पट्टी नकाशात सोडली तर जमीन विकत घ्यावी लागत नाही, कोणाची कंपाउंडची भिंत पाडावी लागत नाही. फक्त कडेला कडुनिंब लावा बाप्पा! मे महिन्यात ४५ डिग्रीत सावलीशिवाय ट्रॅक म्हणजे तवाच.

तुम्ही म्हणाल, संडेच्या हौसेसाठी एवढा खटाटोप? मीही तसंच म्हणालो असतो. पण परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बाल्कनी पुसताना थांबल्या. त्या रोज सकाळी साडेसहाला त्याच रस्त्याने सायकलवर येतात. गिअर नाही, हेल्मेट नाही.

"भाऊ, ही सायकल तं पडूनच हाय. माह्या पोरीले द्या ना, कॉलेजात जाईन थे."

सायकल द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. तरी मी लगेच 'हो' म्हणालो नाही. डोळ्यांसमोर ते कारचं दार आलं.

शेवटी दिली. हेल्मेटसकट. आता वॉर्डात मतं मागायला कोणी आलं, की चहा पाजून एकच विचारणार आहे : ती पोरगी कुठून जाईल, भाऊ?