अर्जुन, उंदीर आणि माहितीपत्रके

अर्जुनत्वचेवरील प्राणिप्रयोगांचा हवाला औषधांच्या माहितीपत्रकांत सर्रास आढळतो. त्या प्रयोगांचा क्रम मात्र क्वचितच सांगितला जातो. पांढऱ्या उंदरांना बहुधा काही दिवस वा आठवडे आधी अर्जुन देतात, मग आयसोप्रोटेरेनॉल टोचतात. त्याने हृदयाची गती व प्राणवायूची गरज एकाएकी वाढून हृत्पेशी मरतात, हे रोना व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखविले. अर्जुन मिळालेल्या उंदरांत ही हानी कमी होते. सिद्ध होते ते एवढेच.

आमच्याकडील रुग्ण या क्रमाने येत नाही. कांजूरमार्ग स्थानकाचा पूल चढताना धाप लागणाऱ्या गृहस्थांच्या हृदयाची भिंत वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कदाचित आधीच जाड झालेली असते. मिनिटाला तीनशेहून अधिक ठोके देणाऱ्या उंदराच्या हृदयात असा बदल काही आठवड्यांत घडविता येतो. माणसात त्याला बहुधा वर्षे लागतात. रक्षण आणि उपचार यांतील हे अंतर झाकून ‘संशोधनसिद्ध हृद्रोगहर’ असे छापणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. हृद्रोग बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे!

चक्रदत्तातील अर्जुनसिद्ध क्षीराला उंदराच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. तरीही प्रयोगाचा आधार द्यायचाच असेल, तर तो कोणत्या प्राण्यावर झाला आणि औषध इजेपूर्वी दिले की नंतर, हे औषधनिर्मात्यांनी त्याच ओळीत छापावे. वैद्यबंधूंनीही अशा पत्रकाच्या भरवशावर रुग्णाची चालू असलेली रक्तदाबाची गोळी बंद करू नये.