प्रयोगशाळेबाहेरचा विदर्भ

दूरसंचार अभियांत्रिकी शिकवणाऱ्या संस्थेकडून समाजाने नेमकी कोणती अपेक्षा धरावी, हा प्रश्न यंदाच्या दिवाळी अंकाच्या केंद्रस्थानी आहे आणि तो नागपुरातून विचारला जावा याला सबळ कारण आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे व्हीएनआयटी, आणि बुटीबोरीजवळ वारंगा येथे असलेली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था या दोन राष्ट्रीय दर्जाच्या संस्थांत, तसेच शहरातील अनेक महाविद्यालयांत, विद्यार्थी ज्याला ‘ईएनटीसी’ म्हणतात तो इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचाराचा किंवा त्याला अगदी जवळचा अभ्यासक्रम शिकवला जातो. आणि याच शहराच्या पश्चिमेला मेळघाट व आग्नेयेला गडचिरोली हे दोन असे प्रदेश आहेत, की जिथे फोन लागणे ही आजही सहज गृहीत धरण्याची गोष्ट नाही. शिकणारे आणि शिकवणारे इतक्या संख्येने जिथे आहेत, तिथून काही तासांच्या अंतरावर त्यांच्या विद्येची खरी कसोटी पाहणारी भूमी पसरलेली असावी, हा योग फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतो.

मध्य भारतात दूरसंचाराच्या शिक्षणाची सुरुवात प्रशिक्षणातून झाली. १९४२ मध्ये जबलपूर येथे तार आणि दूरध्वनी खात्यातील कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, तेव्हा जबलपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तेच केंद्र आज डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. यंत्रणा चालवणे, बिघाड शोधणे आणि तो दुरुस्त करणे हे अशा केंद्राचे काम असते, आणि देशाची दूरध्वनी सेवा ज्यांच्या बळावर उभी राहिली ती माणसे अशाच केंद्रांनी घडवली, याचा आदर राखलाच पाहिजे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे काम मात्र वेगळे असते, कारण हाती असलेली यंत्रणा जिथे अपुरी पडते तिथे नवी यंत्रणा कशी असावी, हे त्याने सांगायचे असते. नागपुरात १९५६ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, १९६० मध्ये त्याचे प्रादेशिक महाविद्यालयात रूपांतर झाले, पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचे नाव मिळाले, आणि २००२ मध्ये ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाली. अकोला जिल्ह्यातील विजय भटकर १९६५ मध्ये याच महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढे पुण्यात सी-डॅक या संस्थेच्या माध्यमातून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली साकारला. नागपूर गुणवत्ता घडवते, हे यावरून दिसते. पण त्या गुणवत्तेला आव्हान देणारा प्रश्न नागपूरने दिला का, हे विचारणे बाकी राहते.

दूरसंचारातील टिकाऊ संशोधन बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणच्या अडचणीतून उगवले आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे एक्सचेंज, म्हणजे ग्राहकांचे फोन एकमेकांशी जोडणारे यंत्र, तयार केले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकातील कित्तूर येथे बसवले. परदेशी एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे, आणि खेड्यात ती मिळणे शक्य नव्हते. म्हणून धूळ आणि उष्णता सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे यंत्र रचणे ही या संशोधनाची पहिली अट ठरली. आरोग्यस्वामी पॉलराज यांचे उदाहरण याहून दूरवर नेणारे आहे. खडकवासला आणि लोणावळा येथे नौदलाच्या शिक्षणात घडलेल्या या अभियंत्याने भारतीय नौदलासाठी पाण्याखालील पाणबुडीचा ध्वनीवरून माग काढणारी सोनार यंत्रणा विकसित केली. अनेक संवेदकांनी टिपलेल्या क्षीण लहरी एकत्र करून त्यांतून अर्थ काढण्याची विद्या त्या कामात मुरली, आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी ‘मायमो’ ही कल्पना मांडली. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही टोकांना एकाहून अधिक अँटेना लावून, त्याच लहरींतून एकाच वेळी अनेक स्वतंत्र प्रवाह नेण्याची ही पद्धत आज प्रत्येक ४जी आणि ५जी जाळ्याचा आधार आहे.

या दृष्टीने ५जीच्या मानकांच्या इतिहासातील एक प्रकरण विदर्भातील प्रत्येक ईएनटीसी विभागात शिकवले जावे, इतके महत्त्वाचे आहे. मानक म्हणजे जगभरचे फोन आणि टॉवर एकमेकांना समजावेत म्हणून ठरवलेले तांत्रिक नियम. नवे तंत्र त्या नियमांना उतरते की नाही, हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ काही नमुना परिस्थिती ठरवून देतो. त्यांतील ग्रामीण नमुन्यात दोन टॉवरमधील अंतर १,७३२ मीटर धरलेले होते. भारतीय खेड्यांची वस्ती, तिथे मिळणारे उत्पन्न आणि टॉवर उभारण्याचा खर्च पाहता इतके दाट टॉवर कोणतीही कंपनी उभारणार नाही, हे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले आणि ६ किलोमीटर अंतराचा स्वतंत्र नमुना मान्य करून घेतला. त्याला ‘कमी गतीची, मोठ्या क्षेत्राची’ परिस्थिती म्हणतात, कारण तिथला ग्राहक महामार्गावरून वेगाने जाणारा नसून गावात, शेतात, पायी चालणारा असतो, आणि एका टॉवरला फार मोठा भूभाग सांभाळावा लागतो.

टॉवर इतका दूर गेला की अडचण कोणत्या बाजूने येते, हेही समजून घेण्यासारखे आहे. टॉवरकडे भरपूर शक्ती असते, त्यामुळे त्याचा आवाज फोनपर्यंत पोहोचतो. फोनची शक्ती मात्र तुटपुंजी असल्याने त्याचे उत्तर वाटेतच क्षीण होते. फोनमधील प्रवर्धक, म्हणजे लहर बलवान करणारा भाग, लहरीची उंची सतत कमीजास्त होत असेल तर पूर्ण क्षमतेने वापरता येत नाही, कारण उंच शिखरांच्या वेळी ती लहर विकृत होते. लहरीची उंची जवळपास एकसारखी राहील अशी संकेतनाची रीत भारतीय संस्थांनी विकसित केली, आणि त्यामुळे तोच फोन अधिक शक्तीने, अधिक दूरवर बोलू शकतो. आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि त्यांच्या सहकारी संस्थांचा हा विचार ‘५जीआय’ या नावाने आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. वेगळ्या मानकामुळे फोन आणि उपकरणे महागतील, असा कंपन्यांचा आक्षेप होता, आणि अखेर त्यातील तत्त्वे जगाच्या सामायिक मानकात मिसळून घेण्यात आली. स्वतंत्र नाव टिकले नाही याची खंत करण्याचे कारण नाही. भारतीय खेड्याचे अंतर जगाच्या नियमपुस्तकात शिरले, ही मिळकत त्या नावाहून मोठी आहे.

महाराष्ट्रातही याच दिशेने काम झालेले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली पालघर जिल्ह्यातील खेड्यांत प्रयोग झाले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील वापरात नसलेल्या लहरी घेऊन, ग्रामपंचायतीपर्यंत आलेले इंटरनेट पुढच्या पाड्यांपर्यंत नेता येते का, हे तिथे तपासण्यात आले. मुंबईच्या संस्थेला पालघर जवळचे होते, म्हणून पालघरचा प्रश्न संशोधनाचा विषय झाला. मेळघाट आणि गडचिरोलीतील भामरागड यांना जवळची संस्था कोणती, याचे उत्तर नकाशा देतो.

इथला प्रश्न पालघरची नक्कल करून सुटणारा नाही, कारण इथली जमीन निराळी आहे. मेळघाटातील धारणी आणि चिखलदऱ्यात सातपुड्याच्या रांगा आडव्या येतात, तर गडचिरोलीच्या दक्षिण भागात डोंगराळ आणि घनदाट जंगल आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि नेमक्या त्याच काळात फोनची गरज सर्वाधिक असते. या जंगलांत साग मोठ्या प्रमाणावर आहे आणि साग उन्हाळ्यात पानगळीने उघडा होतो. पाने रेडिओ लहरी शोषतात आणि विखुरतात, ओली पाने अधिक शोषतात, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकी ही घट वाढते. एप्रिलमध्ये मोजमाप करून बसवलेली जोडणी ऑगस्टमध्ये का कोलमडते, हे त्यामुळे कळते. पण ती किती डेसिबलने क्षीण होते, कोणत्या उंचीवरची अँटेना तगते, ७०० मेगाहर्ट्झ पट्टा किती दूर पुरतो, याची उत्तरे समशीतोष्ण देशांतल्या वृक्षांवर बेतलेल्या सूत्रांतून मिळणार नाहीत. वर्षभर, दर महिन्याला, त्याच जागी जाऊन मोजण्याचे हे काम आहे, आणि ते दुरून येणाऱ्या पाहुण्या पथकाला जमणारे नाही.

सरकारी पैसा या भागात पोहोचतच नाही, असेही नाही. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात २जी टॉवर उभे राहिले आणि महाराष्ट्रासह १० राज्यांतील अशा २,३४३ ठिकाणी ४जी सेवा आणण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. २०२३ मध्ये देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी १०० ५जी प्रयोगशाळा जाहीर झाल्या. तरीही अंतिम वर्षाचा प्रकल्प संगणकावरील अनुकरणात, म्हणजे प्रत्यक्ष लहरींऐवजी त्यांच्या गणिती प्रतिमेवर, उरकण्याची प्रवृत्ती महाविद्यालयांत खोल रुजलेली आहे, आणि ईएनटीसीचा पदवीधर बहुतेकदा सॉफ्टवेअरच्या नोकरीत जातो. विद्यार्थ्याला यात दोष देणे अन्याय्य ठरेल. ज्याला चार वर्षांत एकदाही मोजमापयंत्र हातात घेऊन टेकडीवर चढायला मिळाले नाही, त्याने लहरींच्या शास्त्रावर प्रेम करावे ही अपेक्षा अवाजवी आहे.

संशोधनाची सुरुवात लहान असू शकते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मेळघाटच्या पायथ्याच्या जिल्ह्यात आहे, चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय गडचिरोलीच्या शेजारी आहे, आणि २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ खुद्द गडचिरोलीत आहे. या तिघांनी एकेक मोजमाप केंद्र सांभाळावे, व्हीएनआयटीने उपकरणांची अचूकता आणि विश्लेषण पाहावे, वारंग्याच्या संस्थेने माहितीसाठा उभारून तो सर्वांना खुला ठेवावा, आणि दरवर्षी नव्या तुकडीने आधीच्या तुकडीची नोंद पुढे न्यावी, एवढी व्यवस्था कोणत्याही नव्या संस्थेशिवाय उभी राहू शकते. पाच वर्षांच्या अखंड नोंदी हाती आल्या, तर मध्य भारतातील पानगळीच्या जंगलासाठी लहरीक्षयाचे स्वतःचे सूत्र नागपूरला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे ठेवता येईल, आणि ६ किलोमीटरच्या नमुन्याच्या वेळी जी वाट खुली झाली ती त्यासाठीही खुली आहे.